पूर येण्याआधी नदीचा तळ तपासा : पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यावरणमंत्री

विषय : नद्यांतून समुद्रकिनाऱ्यांवर येणारे सूक्ष्म प्लास्टिक

महोदय,

किनारा स्वच्छता मोहिमांत बाटल्या, पिशव्या आणि तुटकी जाळी गोळा होतात, पोती मोजली जातात आणि किनारा स्वच्छ झाल्याचे जाहीर होते. या कामी राबणाऱ्या स्वयंसेवकांविषयी मला मनापासून आदर आहे. तरीही मोहीम आटोपल्यावर आपण भरतीच्या रेषेपाशी थांबावे, ओंजळभर वाळू बादलीतल्या पाण्यात ढवळावी आणि वर काय तरंगते ते स्वतः पाहावे, अशी माझी विनंती आहे. मसुराएवढे पांढरट, पिवळसर दाणे वर येतात. ऊन खाऊन ठिसूळ झालेल्या वस्तूंचे रंग उडालेले टवके येतात. थर्माकोलचे सुटे मणी येतात. ५ मिलिमीटरहून लहान असलेला हा ऐवज, म्हणजेच सूक्ष्म प्लास्टिक, कोणत्याही पोत्यात गेलेला नसतो, आणि सगळी पुळण चाळून तो वेचणे कोणत्याही यंत्रणेच्या आवाक्यातले नाही.

यातले बरेचसे नदीने आणून टाकलेले असते, आणि नदी ते रोज थोडे थोडे आणते असेही नाही. प्रवाह मंद असतो तेव्हा कण तळाच्या गाळात आणि गोट्यांच्या फटींत बसतात. मँचेस्टर परिसरातील नद्यांच्या तळाचे नमुने तेथील विद्यापीठाच्या संशोधकांनी मोठ्या पुराच्या आधी आणि नंतर तपासले होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, तळात साठलेल्या सूक्ष्म प्लास्टिकपैकी सुमारे ७० टक्के पुराने धुऊन नेले होते. याचा सरळ अर्थ असा की, कोरड्या दिवसांत पाण्याच्या पृष्ठभागावरून घेतलेला नमुना स्वच्छ निघाला तरी त्यावरून नदीविषयी निर्वाळा देता येत नाही. साठा खाली असतो आणि तो एका पुरात समुद्राकडे निघतो.

किनाऱ्यावर जे दिसते तेही सगळे नव्हे. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके म्हणून तरंगत पुळणीवर येतात. नायलॉन, पॉलिएस्टर आणि पीव्हीसी मात्र बुडतात. खाडीत गोड्या पाण्याला खारे पाणी मिळाले की बारीक चिकणमातीच्या गुठळ्या होऊन त्या तळाशी जातात आणि कपड्यांतून सुटलेले तंतूही सोबत नेतात. त्या चिखलात कालवे, शिंपले आणि खेकडे राहतात. म्हणून पुळण हे या प्रदूषणाचे एकमेव माप मानले, तर अधिक धोक्याचा भाग हिशेबातून सुटतो.

मग हे अडवायचे कोठे? नीट चालणारे सांडपाणी प्रक्रिया केंद्र ९० टक्क्यांहून अधिक कण पाण्यातून वेगळे करते, ही मोठी जमेची बाजू आहे. पण ते कण नाहीसे होत नाहीत, केंद्रातल्या गाळात जातात. तोच गाळ खत म्हणून शेतात पसरला तर पावसाबरोबर त्यांतले काही पुन्हा ओढ्याला लागतात. शिवाय जोराच्या पावसात केंद्राची क्षमता संपते आणि उरलेले सांडपाणी थेट नदीत सुटते. रस्त्यावर झिजणाऱ्या टायरांची भुकटी तर बहुतेक ठिकाणी कोणत्याही केंद्राकडे न जाता पावसाळी गटारांतून वाहते.

प्लास्टिकच्या कच्च्या दाण्यांचा, म्हणजे वितळवून वस्तू बनवण्यासाठी कारखान्यांत येणाऱ्या मालाचा, प्रश्न मात्र तुलनेने सोपा आहे, आणि म्हणूनच त्याकडे होणारे दुर्लक्ष मला सर्वांत खटकते. २०२१ साली कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ हे जहाज जळाले, त्यातून सुमारे १,६८० टन दाणे समुद्रात सांडले आणि ते जगाने पाहिले. कारखान्याच्या आवारात गोणी फाटते, दाणे झाडून गटारात ढकलले जातात, याची बातमी कोठेच होत नाही. गटाराच्या तोंडाशी बारीक जाळी, सांडलेला माल लगेच उचलण्याची सक्ती आणि प्रत्येक सांडीची नोंद, एवढ्यासाठी कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.

२०२१ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार, नद्यांतून समुद्रात जाणारे ८० टक्के प्लास्टिक एक हजाराहून अधिक नद्यांमध्ये विभागलेले आहे आणि त्यांत शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा मोठा आहे. तेव्हा केवळ मोठ्या, नावाजलेल्या नद्यांवर निधी खर्ची पडू नये. किनाऱ्याला मिळणाऱ्या प्रत्येक शहरी नदीच्या आणि नाल्याच्या तळाचे नमुने पुराच्या आधी व नंतर, त्याच जागी आणि त्याच पद्धतीने घेतले जावेत. दाणे हाताळणाऱ्या कारखान्यांना वर सांगितलेली बंधने परवान्याच्या अटी म्हणून घालावीत आणि प्रक्रिया केंद्रातला गाळ तपासल्याशिवाय शेतात जाऊ देऊ नये. नमुन्यांचे आकडे नदीनिहाय जाहीर व्हावेत, म्हणजे वरच्या भागातील नगरपालिकेला आपल्या हद्दीतून काय खाली जाते हे नाकारता येणार नाही.

यांपैकी तळाच्या तपासणीचा आदेश आपण आपल्या अधिकारात तातडीने काढावा, आणि पहिल्या नोंदी पुढच्या पुराच्या आधी हाती येतील अशी मुदत त्यात घालावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक नागरिक