वणव्याचा निधी गावापर्यंत यावा

मा. संपादक,

वणवा प्रतिबंध व व्यवस्थापनासाठी केंद्र पुरस्कृत योजना आहे आणि कर्नाटकात तिचा खर्च केंद्र व राज्य ६०:४० या प्रमाणात उचलतात. खानापूर तालुक्यातील जांबोटी, कणकुंबी आणि भीमगड अभयारण्यालगतच्या गावांना मात्र या पैशाचा थेट उपयोग होताना दिसत नाही, याची मनापासून खंत वाटते. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या साहाय्याने आगीच्या सूचना पाठवते, हे चांगलेच आहे. पण सूचना आल्यावर डोंगरावर आधी पोहोचतात ती गावातलीच माणसे, हातात ओल्या डहाळ्या घेऊन, पायांत साध्या चपला घालून. मार्च २०२३ मध्ये शेजारच्या गोव्यात म्हादई अभयारण्य पेटले होते, आणि वणवा राज्यांची हद्द ओळखत नाही.

वन हक्क कायदा, २००६ च्या कलम ५ ने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिला आहे. तेव्हा निधीचा ठरावीक हिस्सा ग्राम अरण्य समित्यांच्या खात्यात जमा करावा, आणि तोही डिसेंबरपूर्वी. कारण जाळरेषा (आग पुढे पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे) काढणे, वाटेवरचा पाचोळा ओढणे ही कामे गवत वाळून पेट घेण्याआधीच उरकावी लागतात, मार्चमध्ये आलेला पैसा निव्वळ कागदावर खर्ची पडतो. हंगामी अग्निरक्षकांची मजुरी वेळेवर मिळावी, त्यांना बूट व विमा द्यावा. अर्जाचे नमुने आणि मार्गदर्शक सूचना कन्नडबरोबर मराठीतही मिळाल्यास आमच्या समित्यांना स्वतःच प्रस्ताव तयार करता येतील. वन खात्याने येत्या हंगामाआधी याबाबत निर्णय घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव