‘गो ऑफ’ म्हणजे बंद होणे?

संपादक महाशय,

स्पर्धा परीक्षांचा हंगाम जवळ आला की मराठी दैनिकांच्या पुरवण्यांत, आपल्याही, फ्रेझल व्हर्ब्जच्या (क्रियापद आणि ‘ऑफ’, ‘अप’सारखा छोटा शब्द यांच्या जोड्यांच्या) चौकटी छापून येतात. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे एका शब्दात मराठी अर्थ. पेठांतल्या अभ्यासिकांत बसणारी मुले त्या कापून वहीत चिकटवतात आणि ओळीने पाठ करतात. हेतू चांगलाच आहे. खोट आहे ती उजवीकडच्या त्या एका शब्दात.

‘गो ऑफ’ घ्या. अर्थ दिलेला असतो ‘बंद होणे’. आता ‘दि अलार्म वेंट ऑफ’ हे वाक्य समोर आले की मुलगा म्हणतो, गजर बंद झाला. प्रत्यक्षात गजर वाजला. ‘द लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे मात्र दिवे गेले, आणि ‘द मिल्क वेंट ऑफ’ म्हणजे दूध नासले (हे ब्रिटिश बोलणे, अमेरिकेत ‘वेंट बॅड’ म्हणतील). क्रियापद तेच, पण गजर, दिवा की दूध, यावर अर्थ ठरतो. ते नामच गाळले की पाठांतर फुकट जाते.

खरे तर मराठी माणसाला हे नवे नाही. ‘दारासमोर गाडी लावू नये’ अशी पाटी रंगवणारा पुणेकर घरात कुकर लावतो, गजर लावतो, गाणी लावतो, डोळ्यांना चष्मा लावतो, भावाला फोन लावतो आणि मुलाला क्लास लावतो. ‘लावणे’चा एका शब्दात अर्थ सांगा म्हटले तर कोण सांगेल? इंग्रजीत गाडी ‘पार्क’ होते, गजर ‘सेट’ होतो, क्लाससाठी ‘साइन अप’ करावे लागते. पण कुकर, गाणी आणि चष्मा या तिघांनाही ‘पुट ऑन’ चालते. म्हणून वहीचे पान ‘गेट’ किंवा ‘पुट’च्या नावाने उघडू नये. मराठी क्रियापदाच्या नावाने उघडावे, कारण बोलताना आधी आठवते ते मराठीच.

‘उतरणे’चे पान सर्वांत उपयोगी. पीएमपीच्या बसमधून, मेट्रोतून, विमानातून उतरताना ‘गेट ऑफ’. रिक्षातून किंवा मोटारीतून ‘गेट आउट ऑफ’. ज्या वाहनात उभे राहून चालता येते तिथे ऑन-ऑफ, जिथे वाकून शिरायचे आणि बसूनच राहायचे तिथे इन-आउट. ज्यावर टांग टाकून बसायचे ती सायकल, स्कूटर आणि घोडाही ऑन-ऑफच्या गटात. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारे ‘गेट डाउन फ्रॉम द बस’ भारतात सर्वांना कळते, बाहेर खटकते.

दुसरी गोची शब्दांच्या जागेची, आणि याद्या याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. ‘टर्न ऑफ द फॅन’ बरोबर, ‘टर्न द फॅन ऑफ’ही बरोबर. पण पंख्याऐवजी ‘इट’ आले की ते मध्येच बसते: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ चूक. उलट ‘लुक आफ्टर’ कधीच फुटत नाही: ‘लुक आफ्टर इट’. म्हणून प्रत्येक नोंद ‘इट’ घालूनच लिहावी, वेगळा नियम पाठ करावा लागत नाही. मोठ्याने म्हणतानाही फरक कळतो. ‘टर्न इट ऑफ’मध्ये जोर ‘ऑफ’वर येतो, तसेच न फुटणाऱ्या ‘लुक ॲट इट’मध्ये ‘लुक’वर. (‘क्लोज द फॅन’ हे आपल्या ‘बंद कर’चे थेट भाषांतर. दार क्लोज होते, पंखा नाही.)

काही ठिकाणी आपण उगाच शेपूट जोडतो. ‘कोप अप विथ’ असे काही नाही, नुसते ‘कोप विथ’. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ नको. ‘फिल अप’ पेट्रोलची टाकी करावी; फॉर्म ‘फिल इन’ किंवा ‘फिल आउट’. आणि परदेशातल्या मुलाखतीत ‘आय पास्ड आउट इन २०२२’ म्हणाल, तर समोरच्याला वाटेल, उमेदवार तेव्हा बेशुद्ध पडला होता. खडकवासल्याच्या एनडीएतली पासिंग आउट परेड ठीक आहे, तो लष्कर-पोलिसांसारख्या प्रशिक्षणापुरता जुना ब्रिटिश प्रयोग आहे. पदवीसाठी ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणावे.

मराठीत ‘स्थगित करणे’ आणि ‘पुढे ढकलणे’ यांत जे अंतर आहे, तेच ‘पोस्टपोन’ आणि ‘पुट ऑफ’मध्ये. कार्यालयीन पत्रात पहिले, बोलण्यात दुसरे. ‘लुक इंटू’समोर याद्यांत ‘चौकशी करणे’ असते; ‘लक्ष घालणे’ त्याच्या कितीतरी जवळचे आहे.

पाठ तरी किती करायचे? मेलोडी गार्निए आणि नॉर्बर्ट श्मिट या भाषाअभ्यासकांनी २०१५ मध्ये सर्वाधिक वापरातल्या १५० फ्रेझल व्हर्ब्जची यादी प्रसिद्ध केली. त्यांचे नेहमीचे अर्थ भरले २८८. रोज चार अर्थ घेतले तर अडीच महिन्यांचे काम. वहीत डाव्या पानावर मराठी वाक्य, उजव्या पानावर इंग्रजी. उजवे पान झाकून वाक्य तोंडाने म्हणायचे, मग पाहायचे. दुसऱ्या दिवशी, चौथ्या, आठव्या आणि महिन्याने पुन्हा. अडेल ते पुन्हा पहिल्या दिवसावर. नुसते वाचत राहिले की शब्द ओळखीचा वाटतो, पण बोलताना तोंडात येत नाही. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे आणि ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे. अशी जुळी एकाच दिवशी घेऊ नयेत, आयुष्यभर गल्लत होते. मध्ये दोन आठवडे जाऊ द्यावेत.

आपल्या चौकटीत दहा शब्दांऐवजी तीन पूर्ण वाक्ये छापता येतील का? जागा तेवढीच लागेल. सुरुवातीला स्वयंपाकघरातला गॅस घ्या: ‘वी हॅव रन आउट ऑफ गॅस’, आमच्याकडचा गॅस संपलाय. त्यातले (एका ‘एफ’चे) ‘ऑफ’ गाळले की वाक्य मोडते, हेही तिथेच एका ओळीत सांगता येईल.

– इंग्रजीचे काही शिक्षक, सदाशिव पेठ, पुणे