‘कृपया क्रोममध्ये उघडा’ ही पट्टी लावू नकोस

प्रिय निखिल,

तुझं पत्र मिळालं. साइट तुझ्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालते, पण आयफोनवर फॉर्मचं ‘पुढे’ हे बटण दिसत नाही आणि काहींकडे तर अख्खं पान कोरं राहतं, हे वाचून वाईट वाटलं. ऐन लाँचच्या तोंडावर असं झालं की हातपाय गळतात. पण वर ‘कृपया क्रोममध्ये उघडा’ अशी पट्टी टाकून मोकळं व्हायचं, हा तुझा तोडगा मला अजिबात पटलेला नाही. म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

पहिली गोष्ट, त्या पट्टीने तुझा प्रश्न सुटतच नाही. आयफोनवरच्या क्रोमच्या आत इंजिन, म्हणजे पान प्रत्यक्ष पडद्यावर उभं करणारा भाग, वेबकिटच असतं, म्हणजे ॲपलच्या सफारी ब्राउझरचंच. ॲपलने तिथल्या सगळ्याच ब्राउझरांना ते बंधनकारक केलं होतं. मार्च २०२४ मध्ये आयओएस १७.४ आलं आणि युरोपीय संघात दुसऱ्या इंजिनांना परवानगी मिळाली, पण तुझ्याकडे तक्रार करणाऱ्यांच्या हातातले जुने फोन त्याने बदलत नाहीत. तुझ्या सांगण्यावरून एखाद्याने क्रोम डाउनलोड केलं तरी बटण गायबच राहणार. त्याचा वेळ गेला, डेटा गेला आणि साइटवरचा विश्वासही गेला.

शिवाय पट्टी कुणाला दाखवायची हे तू यूजर एजंटवरून, म्हणजे ब्राउझर साइटला स्वतःची ओळख सांगतो त्या ओळीवरून, ठरवणार. ती ओळ एकदा नीट वाचून बघ. जवळपास प्रत्येक ब्राउझर सुरुवातीला स्वतःला ‘मोझिला/५.०’ म्हणवतो. क्रोमच्या ओळीत ‘सफारी’ आहे, एजच्या ओळीत ‘क्रोम’ आणि ‘सफारी’ दोन्ही आहेत. पूर्वी साइट्स नाव बघून दार लावून घ्यायच्या, म्हणून प्रत्येक नव्या ब्राउझरने आत शिरायला आधीच्याचं नाव लावलं. नावावरून काही ठरवू नकोस. त्या ब्राउझरला ती गोष्ट येते का, एवढंच तपास.

आता बटणाकडे येऊ. फॉर्मच्या डब्याला तू १०० व्हीएच, म्हणजे पडद्याच्या दिसणाऱ्या भागाएवढी, उंची दिली असणार. मोबाइलवर ॲड्रेस बार स्क्रोल करताना आकसतो आणि पुन्हा मोठा होतो, आणि व्हीएचचा हिशेब बार आकसलेला आहे असं धरून होतो. पान उघडताना बार पूर्ण दिसत असतो, म्हणून डब्याचा तळ, आणि तळाशी चिकटवलेलं तुझं बटण, पडद्याच्या खाली जातं. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्येही हिशेब हाच आहे. लॅपटॉपवर खिडकी अरुंद करून बघितलं की आकसणारा बारच नसतो, त्यामुळे तिथे हे कधीच दिसणार नाही. यासाठी २०२२ मध्ये नवी एककं आली: एसव्हीएच (बार पूर्ण दिसतोय असं धरून), एलव्हीएच (बार आकसलाय असं धरून), डीव्हीएच (बारबरोबर बदलणारं). सफारीत ती मार्चमध्ये १५.४ आवृत्तीत आली, क्रोममध्ये वर्षअखेरीस १०८ मध्ये. तू १०० व्हीएचची ओळ तशीच ठेव आणि तिच्या खाली १०० एसव्हीएचची दुसरी ओळ लिही. ज्या ब्राउझरला दुसरी कळत नाही तो ती सोडून पहिली धरतो. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेचा हा गुण मला फार मोलाचा वाटतो: न कळलेलं वगळून ते पुढे चालतं.

पानाला हालचाल देणारी जावास्क्रिप्ट ही भाषा तसं करत नाही, आणि तुझं कोरं पान तिथूनच आलंय असा माझा दाट संशय आहे. तू पाठवलेल्या कोडमध्ये रक्कम तपासणाऱ्या रेजेक्समध्ये (मजकुराचा साचा जुळवणाऱ्या सूत्रात) लुकबिहाइंड आहे, म्हणजे ‘याच्या आधी अमुक आहे का’ हे बघणारं चिन्ह. क्रोमला ते २०१७ पासून येतं, सफारीला मार्च २०२३ मध्ये १६.४ पासून. त्याआधीच्या सफारीला ते चिन्ह दिसलं की ती सिंटॅक्स एरर देते, आणि मग ती एक ओळच नाही, पूर्ण फाइल चालत नाही. तुझ्या साइटचा सगळा कोड एकाच बंडलमध्ये, म्हणजे एकाच फाइलमध्ये, आहे, म्हणजे पान कोरंच. नवा कोड जुन्या रूपात बदलणारं बेबेल हे उतरवून देत नाही आणि पॉलिफिलने, म्हणजे नसलेली सोय भरून काढणाऱ्या जोडकोडने, सिंटॅक्स येत नाही. आयफोनची सफारी आयओएसबरोबरच अपडेट होते, आणि आयफोन ७ सारखे फोन आयओएस १५ वरच थांबलेत. त्यांच्या मालकांना ‘अपडेट करा’ सांगून काय उपयोग? तो रेजेक्स साध्या कॅप्चर ग्रुपने, म्हणजे हवा तो तुकडा कंसात पकडून, लिहिता येतो. तेवढं कर.

सीएसएसच्या फ्लेक्स मांडणीतला गॅपही (डब्यांमधलं अंतर) तू सगळीकडे वापरलायस. सफारीत तो १४.१ पासून, म्हणजे २०२१ मध्ये आला. ‘हे येतं का’ असं ब्राउझरला विचारणाऱ्या सपोर्ट्स नियमाने तपासायला जाशील तर फसशील, कारण ग्रिड या दुसऱ्या मांडणीसाठी गॅप आधीपासून येत असल्यामुळे जुना ब्राउझरही ‘येतं’ असंच सांगतो. पण हे मी सोडून दिलं असतं. जुन्या फोनवर दोन कार्डं एकमेकांना चिकटली तर कुणाचं काम अडत नाही. सगळीकडे हुबेहूब सारखं दिसलं पाहिजे हा हट्ट धरलास तर महिने जातील. फॉर्म भरता आला पाहिजे, पैसे भरता आले पाहिजेत, मजकूर वाचता आला पाहिजे, यात मात्र कुठेही तडजोड नको.

आणि तू लिहिलंस की ‘एकच इंजिन असतं तर किती बरं झालं असतं’. निखिल, तसं जवळपास होऊन गेलंय. इंटरनेट एक्स्प्लोरर ६ आला २००१ मध्ये आणि ७ आला २००६ मध्ये. मधली पाच वर्षं बाजार बहुतांश त्याच्याच हातात होता, आणि वेब जागच्या जागी थांबला होता. आज मोठी इंजिनं तीनच उरलीत: क्रोमचं ब्लिंक, सफारीचं वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको. मायक्रोसॉफ्टनेही २०२० मध्ये एज क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच मूळ कोडवर, नेला. तिघांपैकी कुणी एक सगळ्यात पुढे आहे असंही नाही. सबग्रिड (आतल्या डब्यांनी बाहेरच्या ग्रिडच्याच रेषा वापरणं) फायरफॉक्सने २०१९ मध्ये दिलं, क्रोममध्ये ते २०२३ मध्ये आलं. आत काय आहे ते बघून डबा निवडणारा ‘हॅझ’ सिलेक्टर आधी सफारीत आला. आपण सगळ्यांनी फक्त क्रोमसाठी लिहायचं ठरवलं तर मानक म्हणजे क्रोम जे करील ते, इतकंच उरेल. मला हे मनापासून नको आहे.

परिस्थिती सुधारतेय, हेही खरं. २०२२ पासून ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला ‘इंटरऑप’ या उपक्रमात दरवर्षी ठरावीक गोष्टी निवडून सामाईक चाचण्यांवर आपापली इंजिनं जुळवतात. एमडीएन या वेबच्या संदर्भ-साइटवर ‘बेसलाइन’ची खूण बघत जा. एखादी गोष्ट सगळ्या प्रमुख ब्राउझरांत येऊन ३० महिने झाले की तिला ‘सर्वत्र उपलब्ध’ धरतात. नवं काही वापरण्याआधी तेवढं बघितलंस तरी निम्मा त्रास वाचेल.

तर आधी रेजेक्स, मग बटण. दोन्ही झाल्यावर कुणाकडून तरी जुना आयफोन मिळव आणि खऱ्या बोटांनी फॉर्म शेवटपर्यंत भरून बघ, कीबोर्ड उघडलेला असताना सुद्धा. रेजेक्सची फाइल मला आजच पाठव. रात्री बसून बदलून देते, आणि कोणकोणत्या रकमांवर तपासलं तेही लिहून पाठवते.

तुझी,
मेघना