घरच्यांच्या अपेक्षांचे काय?

आफ्रिकी स्थलांतरितांच्या चित्रपटांवरील लेख (रविवार पुरवणी) वाचला. वर्णद्वेष आणि कागदपत्रांच्या जाचाची त्यातील मांडणी पटली. मात्र घरच्यांच्या अपेक्षांचा त्यात उल्लेखही नाही, हे खटकले. माझ्या मते या चित्रपटांचा गाभा तोच आहे. सेनेगलचे दिग्दर्शक उस्मान सेम्बेन यांच्या 'मंदाबी'मध्ये (१९६८) पॅरिसला रस्ते झाडणारा भाचा डाकारमधल्या मामाला २५ हजार फ्रँकची मनीऑर्डर पाठवतो. त्यातले २० हजार त्याच्या स्वतःच्या बचतीचे, तीन हजार आईचे, दोन हजार मामाचे. पण पैसे हाती पडण्याआधीच मामाच्या दारात उसने मागणाऱ्यांची रीघ लागते. 'मदर ऑफ जॉर्ज'मध्ये (२०१३) ब्रुकलिनमधील नायजेरियन जोडप्याच्या लग्नातच सासू होणाऱ्या नातवाचे नाव ठरवून टाकते आणि मूल होत नाही, तेव्हा सगळा भार सुनेवर येतो. परक्या समाजाचा राग तरी करता येतो. सासूच्या किंवा मामाच्या मायेतून आलेल्या मागणीपुढे ही माणसे हतबल होतात. परदेशात मुले असलेल्या मराठी पालकांनीही हे चित्रपट जरूर पाहावेत. या बाजूवर स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, सातारा