नकार पहिल्याच वाक्यात

दादर, मुंबई

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

न्यू जर्सीचं मराठी मंडळ, तिकडचंच एक विद्यापीठ आणि युरोपातला तो साहित्य महोत्सव, तिघांनीही व्याख्यानाला बोलावलंय आणि त्यांना काय लिहून नाही म्हणावं, असं विचारलंयस. जायचं नाही हे तुझं पक्कं आहे, म्हणून तो विषय उकरत नाही. पत्राचंच बोलतो.

आधी वेळ. उत्तर आठवड्याच्या आत गेलंच पाहिजे. परदेशातली मंडळं बहुधा एकट्याने वक्ता बोलावत नाहीत. चार-पाच गावांची मंडळं मिळून विमानभाडं वाटून घेतात आणि मग शनिवार-रविवारही वाटून घेतात. तुझं उत्तर एका ठिकाणी अडकलं की या सगळ्यांचे हॉल अडकतात. विद्यापीठाचं दुखणं निराळं. अमेरिकेत बऱ्याच विद्यापीठांचं आर्थिक वर्ष जुलै ते जून असतं आणि पाहुण्यांसाठीची रक्कम त्याच वर्षात खर्च करावी लागते. तू मार्चमध्ये नाही म्हणालास तर त्या प्राध्यापकाला दुसरा माणूस शोधून, त्याचा व्हिसा होऊन, जूनच्या आत व्याख्यान उरकणं अवघडच. ऑक्टोबरातला नकार त्याच्या खूप सोयीचा.

दुसरं, नकार पहिल्याच वाक्यात यावा. आपल्याकडे आधी आभार, मग मंडळाच्या कामाचं कौतुक, मग प्रकृतीचं थोडं, आणि शेवटी ‘यंदा जमेलसं दिसत नाही’ अशी पद्धत आहे. कार्यकारिणीच्या बैठकीत त्या पत्राचा अर्थ ‘थोडा आग्रह केला तर येतील’ असा लावला जातो, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. ‘बघतो’, ‘कळवतो’, ‘सध्या’, ‘तूर्तास’ हे शब्द पत्रातून काढून टाक.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो कारणाचा. ज्यावर तोडगा निघतो ते कारण द्यायचं नाही. भाडं परवडत नाही म्हटलंस की तिकीट येतं. गुडघे दुखतात म्हटलंस की विमानतळावर व्हीलचेअर आणि मधे दोन दिवस विश्रांती. इंग्रजीची अडचण सांगितलीस की दुभाषी हजर. एकेक कारण पडत जातं आणि शेवटी खोटं बोलायचं किंवा जायचं, एवढंच उरतं.

व्हिसाचंही तेच. अडचण खरी आहे, हे मान्य. अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसावर मानधन घ्यायची मुभा मुख्यतः उच्च शिक्षणसंस्था, त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्था आणि संशोधनसंस्था यांच्यापुरती आहे. तीही एका संस्थेत नऊ दिवसांपर्यंत आणि सहा महिन्यांत पाचपेक्षा जास्त संस्थांकडून नाही. मंडळ सहसा त्यात बसत नाही. शिवाय मानधनातून तिकडे ३० टक्के कर कापला जाऊ शकतो. पण यातलं अक्षरही पत्रात घालू नकोस. ‘मानधन नको, भेटवस्तू देऊ’ असं उत्तर येईल, आणि कराचा उल्लेख तर घासाघीस वाटेल. युरोपचं तेवढं वेगळं. शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाच्या, निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, काही प्रकरणांत ते ४५ पर्यंत जातात. महोत्सव महिन्यावर आला असताना त्यांनी आमंत्रण आत्ता पाठवलंय, म्हणजे तारीख हुकूही शकते. तरीही हे कारण दिलंस की पुढच्या वर्षीचं आमंत्रण सहा महिने आधी येईल, हे धरून चाल.

मग लिहायचं काय? एकतर कारणच देऊ नये, किंवा सर्वांना सारखा लागू होणारा नियम सांगावा: परदेशातली व्याख्यानं घेत नाही. नियमाला तोडगा नसतो. मात्र तो सगळ्यांना पाळावा लागतो. मंडळं एकमेकांना ओळखतात, पत्राचा फोटो दुपारपर्यंत तीन व्हॉट्सॲप ग्रुपांवर जातो. न्यू जर्सीला प्रकृती कळवून डिसेंबरात दुबईला दिसलास तर तो राग वर्षानुवर्षं पुरतो.

तत्त्वाचं कारण असेल तर मामला वेगळा. फ्रेंच लेखक-तत्त्वज्ञ सार्त्रने १९६५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातली ठरलेली व्याख्यानं व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ रद्द केली आणि कारण जाहीर केलं. १९१४ साली कोमागाता मारू जहाजावरच्या आपल्या लोकांना व्हँकूवरहून परत धाडलं गेलं, त्या वागणुकीमुळे टागोरांनी कॅनडाचं आमंत्रण नाकारलं होतं. ते तिथे गेले १९२९ मध्ये. असं पत्र खाजगी राहत नाही, आणि ते लिहिणाऱ्याला त्या देशात दुसऱ्या कुणाच्या खर्चानेही जाता येत नाही. तुझी भांडणं तशी नाहीत, तेव्हा उगाच तो आव नको. अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सनने तर छापील कार्डच करून ठेवलं होतं. व्याख्यान देणं, मुलाखत देणं, प्रस्तावना लिहिणं, अनोळखी लोकांसाठी पुस्तकावर सही करणं, सगळ्याला एकाच कार्डात नाही. मला ते फार आवडतं, पण मराठी मंडळाला छापील कार्ड गेलं तर तुझ्या पुतण्यालाही तिकडे कुणी जेवायला बोलावणार नाही.

मंडळासाठी मसुदा देतो:

‘स. न. वि. वि.
आपल्या अधिवेशनात बोलायला मी येऊ शकत नाही. परदेशातली व्याख्यानं मी घेत नाही. सर्वच आमंत्रणांबाबत माझा हा नियम आहे. कृपया माझ्यासाठी तारीख राखून ठेवू नये. आपण आठवण ठेवलीत, चारही गावांची आखणी तपशिलाने कळवलीत, त्याबद्दल आभारी आहे. स्मरणिकेसाठी माझ्या छापील कथेतला हजार शब्दांपर्यंतचा उतारा घेण्यास परवानगी आहे. कोणता ते आधी कळवावे. अधिवेशनास शुभेच्छा.
कळावे, लोभ असावा.’

एवढंच. परवानगीचं वाक्य लिहिण्याआधी प्रकाशकाशी केलेला करार काढून बघ. हक्क त्याच्याकडे असतील तर ते वाक्य गाळ. ‘नवीन लेख देतो’ असं तर मुळीच लिहू नकोस, व्याख्यानाऐवजी दोन महिने तो लेख मानगुटीवर बसेल. आपल्याऐवजी कुणाचं नाव सुचवायचं असेल तर त्या माणसाला आधी विचार.

घरून ऑनलाइन बोलायला तयार असशील तर ते नकाराच्या पत्रात घालू नकोस, त्यांनी विचारलं तर सांग. तिकडे लोक शनिवारी संध्याकाळी सातला जमतात, तेव्हा आपल्याकडे रविवारची पहाट, साडेचार. न्यूयॉर्कची सकाळ साडेदहाची मागून घे, म्हणजे इथे रात्रीचे आठ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात, त्यानंतर तेच नऊ. चाळीस मिनिटं, वीस मिनिटं प्रश्न, आणि रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकायचं की नाही हे लेखी.

महोत्सवाच्या पत्राला मात्र उत्तर लिहायच्या आधी संस्थेच्या संकेतस्थळावरचा नंबर शोधून फोन कर. लेखकांना, प्राध्यापकांना बनावट आमंत्रणं सर्रास येतात. नोंदणी शुल्क मागणं, ठरावीक हॉटेलचं आगाऊ भाडं मागणं, पासपोर्टची प्रत लगेच मागणं, ही त्यांची लक्षणं. तसं असेल तर नकारसुद्धा पाठवू नकोस, तुझा पत्ता चालू आहे एवढंच त्यांना कळतं.

मंडळाचं पत्र गेलं की दोन दिवसांत कार्यकारिणीतला कुणी कॉलेजचा मित्र फोन करेल. पत्रातलंच वाक्य त्याला सांग, नवं कारण जोडू नकोस. विद्यापीठाचं पत्र इंग्रजीत आणि पाच ओळींत जाऊ दे. तो मसुदा मला सगळ्यात आधी पाठव, त्या प्राध्यापकाला पुढे निधीचं बघायचं आहे.

तुझा,
अविनाश