सी विंगमधल्या पोरीस

प्रिय मुली,

नाव घालू नका म्हणालीस, म्हणून नुसतं 'सी विंगमधली'. सानपाड्यात सी विंगा ढिगानं असतील. ज्याला कळायचं त्याला कळेल.

त्या रविवारी तू आलीस ती खरं तर आमचा डबा परत करायला. आमच्या घरात तेव्हा तीन आठवड्यांचं महाभारत चालू होतं. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास नेट जायचं. सगळ्यांचं नाही, हीच गंमत. माझा फोन चालायचा, लेकाची ऑनलाइन टेस्ट अडकायची, कधी उलटं. कस्टमर केअरला पाचदा फोन केला, पाचही वेळा एकच उत्तर: राउटर बंद करून चालू करा. तसं केलं की उरलेसुरले फोनही बसायचे. ह्यांनी वैतागून अडीच हजारांचा नवा राउटर आणला, त्यानंही तेच रडगाणं लावलं. मग दोष पावसावर गेला, केबलवाल्यावर गेला आणि शेवटी लेकाच्या गेमवर. (लेकाची इथं जाहीर माफी मागते. घरात अजून मागितलेली नाही.)

तू आल्या आल्या कशालाच हात लावला नाहीस. विचारलंस, "काकू, नेट जातं तेव्हा घरात असं काय चालू असतं, जे सकाळी नसतं?" मी टीव्ही, मिक्सर करत बसले. आतून सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा, आवाज आला, "मी सातला बसतो की सोसायटीच्या नोटिसा टाइप करायला."

तीन आठवड्यांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

तू माझा आणि लेकाचा फोन शेजारी ठेवून वायफायची माहिती उघडलीस. नेटवर प्रत्येक फोनला एक आकड्यांचा पत्ता मिळतो. माझ्या फोनचा पत्ता १९२.१६८.१ नं सुरू होत होता, त्याचा १९२.१६८.१३७ नं. ते १३७ दिसताच तू हसलीस, आणि मला वाटलं, झालं, व्हायरस! तर नाही. विंडोजमध्ये एका कॉम्प्युटरचं नेट दुसऱ्याला वाटून द्यायची एक सोय असते, तिचा हा ठरलेला आकडा. ती चालू असली की कॉम्प्युटर स्वतःच राउटरसारखा सगळ्यांना पत्ते वाटत सुटतो. राउटर बंद-चालू केला की घरातले फोन एकदम नव्यानं पत्ता मागतात, आणि जो आधी उत्तर देईल त्याचं ऐकतात. राउटर अजून डोळे चोळत असतो, तोवर कॉम्प्युटर उत्तर देऊन मोकळा. म्हणजे आमचं औषधच दुखणं वाढवत होतं.

तो कॉम्प्युटर सासऱ्यांना मालकांनी निवृत्तीच्या वेळी दिलेला. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात गाळ्यावर ते हिशेब लिहायचे. तिथं एका डोंगलवर (सिम घालून नेट देणारी काडी) दोन कॉम्प्युटर चालवायचे, म्हणून ती सोय कुणीतरी चालू केलेली. डोंगल अजून मागे तसंच खोचलेलं, त्यातलं सिम कधीच बंद पडलेलं. आम्ही नेटची वायर हौसेनं जोडली, त्याला स्वतःला काही नेट मिळालं नाही, पण वायर काढायचं कुणाला सुचलं नाही.

सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे गेटवर दोघं पावत्या फाडतायत, आणि त्यातल्या एकाचा गाळाच बंद आहे." तू म्हणालीस, "अगदी तसंच, आजोबा. तो आपलं जुनं काम इमानेइतबारे करतोय. गाळा सुटला हे त्याला कुणी सांगितलंच नाही."

ह्या एका वाक्यासाठी हे पत्र. आमच्या घरी तोवर 'अण्णांच्या डबड्यामुळे' हे शब्द ह्यांच्या ओठांवर आले होते. ते तिथंच विरले.

पुढचं काम पाच मिनिटांचं. शेअरिंगच्या खिडकीतली खूण काढली, पत्ता आपोआप घेण्यावर टाकला, फोनांचं वायफाय बंद करून पुन्हा लावलं. सगळीकडे १३७ जाऊन १ आला, कॉम्प्युटरलाही नेट मिळालं. मग तूच वायर काढून ठेवायला सांगितलीस. त्यात विंडोज ७ आहे, त्याची सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबली, नोटिसा आणि प्रिंटला नेट कशाला, म्हणून. अण्णा म्हणाले, "ऐन संक्रांतीच्या तोंडावर वाऱ्यावर सोडलं होय बिचाऱ्याला!"

पैसे घेतले नाहीस, अळूवड्या घेतल्यास, तेवढं बरं वाटलं. डब्याची घाई नाही. प्रॅक्टिकलच्या जर्नलची प्रिंट हवी असेल तर सातनंतर ये, अण्णा बसलेलेच असतात. कागद मात्र तुझा आण. त्यांचा हिशेब अजून मार्केटातलाच आहे.

तुझी,
ए विंगमधली काकू