मोबाइल कंपन्यांची भागीदारी : मनोऱ्यापर्यंत हवी, दरापर्यंत नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइलच्या बाजारात एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी भागीदारी करावी की नाही, याची चर्चा बहुधा त्या कंपन्यांच्या नफ्या-तोट्यापुरतीच होते. ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर प्रश्न निराळा दिसतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे. जे जमिनीखाली पुरावे लागते आणि गच्चीवर उभारावे लागते, ते या कंपन्यांनी खुशाल वाटून घ्यावे, किंबहुना त्यांना तसे करायला भाग पाडावे. मात्र ज्या करारानंतर ग्राहकाला एक कंपनी सोडून दुसरीकडे जाण्यात काही अर्थच उरत नाही, त्या कराराची कसून तपासणी झाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या प्रकारची भागीदारी आपल्याकडे नवी नाही. एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया या तेव्हाच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांनी मनोरे सामाईक ठेवण्यासाठी २००७ मध्ये इंडस टॉवर्स ही कंपनी काढली. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला लागून असाच एक सामाईक खांब आहे. त्यावर दोन कंपन्यांचे अँटेना आहेत, खाली बॅटऱ्यांचे कपाट एकच, विजेचा मीटर एकच आणि गच्चीची किल्ली मागायला येणारा तंत्रज्ञही एकच. वीज गेली की दोन्ही कंपन्यांचे ग्राहक त्याच बॅटऱ्यांवर बोलत असतात. तरीही दोघींचे प्लॅन वेगळे, दर वेगळे आणि एकीला कंटाळलेला रहिवासी नंबर न बदलता दुसरीकडे जाऊ शकतो. प्रत्येक कंपनीने स्वतंत्र खांब मागितला असता तर जुन्या स्लॅबवर तेवढा भार आम्ही येऊच दिला नसता. मुंबईत जागेची चणचण आहे तोवर अशा भागीदारीला पर्याय नाही.

सहकार्य नाकारले की काय होते, हेही आपण पाहिले आहे. जिओ बाजारात आली तेव्हा तिच्या ग्राहकांचे कॉल जोडून घेण्यासाठी पुरेसे जोडबिंदू दिले नाहीत, या कारणावरून तिन्ही जुन्या कंपन्यांना मिळून ३,०५० कोटी रुपये दंड करण्याची शिफारस ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाने ऑक्टोबर २०१६ मध्ये केली होती. आपल्या शहरातील ताजे उदाहरण भुयारी मेट्रो-३चे आहे. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, वर्षभराने गाडी कफ परेडपर्यंत गेली, पण भुयारातील नेटवर्कचा वाद मिटला नव्हता. मेट्रो प्रशासनाने नेटवर्कचे काम त्रयस्थ कंपनीला दिले होते. मोबाइल कंपन्यांचे म्हणणे असे की, आम्हीच मिळून सामाईक यंत्रणा उभारतो. यात कोण बरोबर, हे ठरवण्याचा माझा अधिकार नाही. परंतु भुयारात प्रत्येक कंपनीने आपापली केबल टाकणे शक्य नाही, हे बांधकाम सुरू झाले तेव्हाही सर्वांना ठाऊक होते. मग वाटणीच्या अटी पहिली गाडी धावण्याआधी का ठरल्या नाहीत? भुर्दंड सोसला तो फक्त प्रवाशांनी.

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळतो. २०२० मध्ये गूगलने ३३,७३७ कोटी रुपये गुंतवून जिओची पालक कंपनी असलेल्या जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ७.७३ टक्के हिस्सा घेतला आणि जानेवारी २०२२ मध्ये त्याच गूगलने एअरटेलमध्ये १०० कोटी डॉलरपर्यंत गुंतवणूक जाहीर केली. हे हिस्से लहान आहेत आणि त्यांत काही गैर घडले, असे मी म्हणत नाही. पण जिओ सोडून एअरटेल घेणाऱ्या ग्राहकाला दोन्हीकडे भागधारक म्हणून गूगल भेटते आणि बहुतेकांच्या हातातील फोनही गूगलच्याच अँड्रॉइडवर चालतो, ही वस्तुस्थिती आहे. अँड्रॉइडबाबतच्या गैरवर्तनासाठी भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड ठोठावला, तो उगाच नव्हे. अमेरिकेत तर याहून बोलके प्रकरण घडले. आयफोनवर आपलेच शोधयंत्र आधीपासून बसवलेले राहावे यासाठी गूगलने ॲपलला २०२२ या एका वर्षात २,००० कोटी डॉलर दिल्याचे तेथील खटल्यात उघड झाले आणि शोधसेवेत गूगलने बेकायदा मक्तेदारी राखली, असा निकाल न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिला. फोन चालवणाऱ्या प्रणालींच्या बाजारातील दोन सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्यांमधली ही भागीदारी होती. एवढी रक्कम बसल्या जागी मिळत असेल तर ॲपल स्वतःचे शोधयंत्र काढायला कशाला जाईल?

आपल्याकडे ही काळजी अधिक आहे, कारण निवडीला आता वावच थोडा उरला आहे. मुंबईची जुनी लूप मोबाइल नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद पडली, २०१८ मध्ये एअरसेल दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षी व्होडाफोन व आयडिया एक झाल्या. आज तीन खासगी कंपन्या आणि एक दुबळी सरकारी सेवा एवढेच शिल्लक आहे. जून २०२४च्या अखेरीस तिन्ही खासगी कंपन्यांनी एकापाठोपाठ दरवाढ जाहीर केली. त्यांनी संगनमत केले, असा आरोप करण्यास माझ्याकडे पुरावा नाही; पण बीएसएनएलने दर वाढवले नाहीत म्हणून अनेकांना तिकडे वळता आले, ही चौथी वाट बंद होता कामा नये. मार्च २०२५ मध्ये एअरटेल आणि जिओ या दोघींनीही पाठोपाठच्या दिवशी स्पेसएक्सशी तिच्या स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेसाठी करार जाहीर केले, तेव्हा त्यातील अटी ग्राहकांना कळणे आवश्यक होते.

‘ट्राय’ने आणि स्पर्धा आयोगाने अशा करारांतील ग्राहकाशी संबंधित अटी मराठीसह सर्व भाषांत जाहीर करायला लावाव्यात. दुसरी विनंती महापालिकेला. ‘ट्राय’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार मानांकन देण्याचे नियम केले आहेत, पण ते मानांकन ऐच्छिक आहे. पुनर्विकासात उभ्या राहणाऱ्या टॉवरमध्ये विकासकाने एकाच कंपनीला आत येऊ दिले, तर राहायला गेलेल्या कुटुंबाला पुढे निवड उरत नाही. म्हणून सर्व कंपन्यांना समान अटींवर वापरता येईल अशी डक्ट (केबल नेण्याची वाहिनी) आणि यंत्रणेची जागा दाखवल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये.

आपला,
एक वाचक, विलेपार्ले (पूर्व), मुंबई